तीन कपाटांतील एक गांव

"सीवूड्सला कसला आला आहे इतिहास?" हें वाक्य आमच्या वसाहतींत मीं इतक्यांदां ऐकलें आहे, कीं कांहीं वर्षें मीहि तें निमूटपणें मानीत होतों. दोन इंग्रजी शब्द सांधून झालेलें हें नांव. स्टेशनाला तें देतांना त्यापुढें दारावे हें जुन्या गांवाचें नांव जोडलें गेलें, एवढाच काय तो पूर्वकाळाशीं संबंध. अशा ठिकाणीं राहावयास आलेला मनुष्य बिऱ्हाडाबरोबर आपल्या मूळ गांवचा इतिहासहि घेऊन येतो, कोणी साताऱ्याचा, कोणी रत्नागिरीचा. आणि पायांखालच्या भूमीविषयीं विचारण्याची त्यास गरज भासत नाहीं.

हा समज मोडला तो माझ्या एका विद्यार्थ्यानें. मुलगा करावे गांवचा, आगरी घराण्यांतला. त्यानें आमच्या भागांतील सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन विचारलें कीं, आमच्या शेतांचे बांध कोणीं घातले हें कोणत्या पुस्तकांत मिळेल? ग्रंथपालांनीं मोठ्या सौजन्यानें त्यास इतिहासाचें कपाट दाखविलें. त्यांत पानिपत होतें, पेशवाई होती, नेपोलियनहि होता, करावे नव्हतें. मुलगा माझ्याकडे आला. पुढें सुमारें महिनाभर आम्हीं दोघांनीं त्या ग्रंथालयांत संध्याकाळीं जें वाचलें, त्याचें हें परीक्षण आहे. त्याला हवें होतें तें तीन पुस्तकांत विखुरलेलें सांपडलें. आणि गंमत अशी, कीं त्यांतील एकहि इतिहासाच्या कपाटांत नव्हतें.

पहिलें मिळालें तें "संदर्भ, इंग्रजी" अशी पाटी असलेल्या कुलुपबंद कपाटांत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे हे भाग जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखालीं १८८२ सालीं निघाले. तेराव्या खंडाचे दोन भाग व चौदावा खंड मिळून संच पुरा होतो. नवख्या वाचकानें येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पनवेलची माहिती हवी म्हणून तो कुलाब्याचा खंड उघडील तर फसेल. कारण हा मजकूर तयार झाला तेव्हां पनवेल ठाणे जिल्ह्यांत होतें. जिल्ह्यांच्या सीमा हलतात, पुस्तकें हलत नाहींत.

आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींची या ग्रंथाशीं वागण्याची रीत दोन प्रकारची आहे. एक तर प्रमाण मानून त्यांतील उतारे द्यावयाचे, नाहीं तर परक्या सरकारचें दप्तर म्हणून नाक मुरडावयाचें. सलग वाचणारा विरळा. सलग वाचूं लागलें असतां प्रथम जाणवते ती त्याच्या गद्याची सचोटी. खाडीचें पाणी बांधानें अडवून जमीन कशी काढतात, पावसाच्या पाण्यानें तिचा खार कसा उतरतो, मग तींत तांबडें भात कसें धरतें, मिठागरांत भरतीचें पाणी कसें खेळवितात, हें सारें असें सांगितलें आहे, कीं वाचणारानें उद्यां खोरें घेऊन कामास लागावें. त्या काळच्या इंग्रजी इतिहासकारांच्या अलंकृत वाक्यांपेक्षां मला हें रूक्ष गद्य श्रेष्ठ वाटतें. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालींच उकरला. अशा एतद्देशीय पंडितांच्या ज्ञानाचा जेथें आधार आहे तेथें त्या रूक्षपणालाहि ऊब येते.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर याच ग्रंथांत, तेंहि जमीनधाऱ्याच्या प्रकरणांत मिळालें. बांध घालून खाडीतून जमीन काढण्याच्या एका पद्धतीला शिलोत्री म्हणत. बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची, आणि त्याबद्दल कुळाकडून त्याला धान्याच्या रूपानें मोबदला. मुलानें हें वाचलें आणि क्षणभर थांबून विचारलें, "सर, मोबदला शिलोत्रदाराला, पण चिखलांत कोण उभें होतें?" या ग्रंथाचें याहून नेमकें परीक्षण मला करतां येणार नाहीं. गॅझेटियरमध्यें आगरी मनुष्य आहे, परंतु तो जातींच्या प्रकरणांत आहे. त्याचा धंदा, पोशाख, लग्नकार्याची रीत यांची नोंद होते आणि लेखक पुढच्या जातीकडे वळतो. त्याचें स्वतःचें एक वाक्य त्यांत नाहीं.

दुसरें पुस्तक "प्राचीन मराठी वाङ्मय" या कपाटांत, संतकवींच्या शेजारीं बसलेलें होतें: महिकावतीची बखर. वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं ती विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे केळव्याजवळचें माहीम. बिंब राजाच्या आगमनापासून उत्तर कोंकणाची हकीकत सांगणारीं हीं गद्य-पद्य प्रकरणें एका हातचीं नव्हेत. त्यांतील जुना भाग केशवाचार्यानें शके १३७० त, म्हणजे १४४८ च्या सुमारास, रचला. महाराष्ट्रधर्म हा शब्द येथें येतो, म्हणून अभ्यासक तिचें नांव घेतात आणि बहुधा तेथेंच थांबतात. काळाच्या बाबतींत बखर भरंवशाची नाहीं. परंतु गॅझेटियर विचारतें "किती?", तर बखर विचारते "कोणाचें?" कोणतें कूळ कोठून आलें, कोणास कोणती वृत्ति मिळाली, मान कोणाचा, यासाठीं तिचा सारा जीव तुटतो. जमीन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे, नांव टिकविण्याची जागा आहे, हें तिला ठाऊक आहे.

राजवाड्यांची प्रस्तावना बखरीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक वाचली गेली आहे. तिची झेप पाहून आजहि छाती दडपते. परंतु येथला सामान्य ग्रामस्थ राज्यकर्त्यांच्या उलथापालथीविषयीं उदासीन राहिला, हा जो त्यांच्या विवेचनाचा रोख, तो मला गॅझेटियर नुकतेंच वाचलेलें असल्यामुळें पूर्वीसारखा पटेना. उधाणाच्या रात्रीं बांध फुटला तर वर्षाचें पीक जावयाचें. ज्याला पंधरवड्यास ही धास्ती, त्यानें सिंहासनावर कोण बसला याची चौकशी केली नाहीं तर ती उदासीनता म्हणावी कीं कामांतील व्यग्रता? राजवाडे १९२६ सालीं निवर्तले. त्यानंतर चारच वर्षांनीं, २५ सप्टेंबर १९३० रोजीं, उरणजवळच्या चिरनेर येथें जंगल सत्याग्रहांत याच मुलखांतील साध्या ग्रामस्थांनीं गोळ्या झेलल्या. प्रस्तावनाकाराला हें दिसावयास हवें होतें असें मी म्हणत नाहीं. आपण मात्र ती वाचतांना हें बाजूला ठेवूं नये.

तिसरें पुस्तक "स्थापत्य" विभागांत सांपडलें, आणि तें पुस्तक म्हणावें कीं नाहीं याचाच मला प्रथम संशय होता: नव्या मुंबईचा १९७३ चा विकास आराखडा. या कल्पनेचा उगम थोडा मागें आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांतून खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याचा विचार मांडला. १९७० त सिडको स्थापन झाली आणि ९५ गांवांची जमीन या योजनेखालीं आली. आराखड्याची भाषा स्वच्छ आहे, हेतु उदार आहे. मुंबईच्या कोंडलेल्या माणसाविषयीं त्यांत खरा कळवळा आहे. मी स्वतः त्याच कळवळ्याचें फळ खात बसलों आहें, तेव्हां मला उपहास करण्याचा अधिकार नाहीं. तरीहि वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नजरेआड करवत नाहीं: यांतील क्रियापदें भविष्यकाळीं आहेत. होईल, उभें राहील, वसेल. जें आधींच वसलेलें होतें, तें नकाशावर गांवठाणाच्या लहान लहान ठिपक्यांत आवळून बसतें, आणि भोंवतालचे बांध त्या कागदावर मोकळी जागा होऊन जातात.

जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबारांत पांच जण मरण पावले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित भूमि मूळ मालकांस देण्याचें धोरण आलें. ही हकीकत १९७३ च्या पुस्तकांत असणें शक्यच नव्हतें. पण तिचें बीज त्या भविष्यकाळी क्रियापदांत आहे, हें तीनहि पुस्तकें मेजावर एकत्र मांडल्यावांचून मला उमगलें नसतें. घरीं एकेक विकत घेऊन वाचलीं असतीं, तर मी गॅझेटियरवर प्राध्यापकाप्रमाणें बोललों असतों, बखरीवर मराठी माणसाप्रमाणें आणि आराखड्यावर भाडेकरूप्रमाणें.

आतां ग्रंथालयाविषयीं. आमच्या ठाणे जिल्ह्यास या बाबतींत कमीपणा नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे आदि मंडळींनीं १८९३ त काढलें. मराठी ग्रंथ तेवढा जमवावयाचा, मग तो लहान असो, फाटका असो, ही त्या मंडळींची जिद्द होती. १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांस मान्यता व अनुदान यांची घडी बसवून दिली, तें उत्तमच झालें; पण दर्जा ठरवितांना ग्रंथसंख्या आणि सभासदसंख्या मोजावी लागते, आणि जें मोजलें जातें तेंच वाढतें. कादंबऱ्या आणि स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें आमच्या ग्रंथालयांत भरपूर आहेत. त्याबद्दल तक्रार नाहीं. परीक्षेच्या पुस्तकासाठीं आलेल्या मुलांनींच तेथील बांकें भरलेलीं असतात, आणि घरीं दिवा असला तरी शांतता नसते.

तक्रार आहे ती न मोजल्या जाणाऱ्या कागदांची. जत्रेच्या पत्रिका, गांवच्या मंडळांच्या स्मरणिका, भूसंपादनाच्या नोटिसा, मिठागरांच्या हिशेबाच्या वह्या हें सारें करावे-दारावे-नेरूळच्या घरांतून ट्रंकांत पडून आहे, आणि घर पाडून इमारत उठतांना ट्रंक प्रथम रद्दींत जाते. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. ती परंपरा तोंडींच चालत आलेली. तीन कपाटांत जो आवाज आम्हांला मिळाला नाहीं, तो तेथें असावा असें माझ्या विद्यार्थ्याचें म्हणणें पडलें. मीं ग्रंथपालांकडे असा एक संग्रह ठेवण्याविषयीं शब्द टाकला. ते गृहस्थ भले. त्यांनीं दाखलनोंदवही उघडून मला दाखविली. प्रकाशकाचा रकाना, आवृत्तीचा रकाना, किंमतीचा रकाना. "सर, किंमत छापलेली नसली तर मी काय लिहूं?"

गेल्या दिवाळीच्या सुटींत त्या मुलानें आपल्या आजीजवळ बसून बत्तीस धवले शाळेच्या वहींत उतरून काढले आणि वही ग्रंथालयांत नेऊन दिली. ग्रंथपालांनीं किंमतीच्या रकान्यांत शून्य लिहिलें व शिक्का मारला. ती कोणत्या कपाटांत ठेवावी याचा निर्णय व्हावयाचा आहे. तूर्त ती वर्तमानपत्रांच्या मेजावर असते, आणि तिच्या कडा मळूं लागल्या आहेत.