छेदाविना अंश

जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागला की लातूर-नांदेडपासून पुण्यामुंबईपर्यंत चौकाचौकांत क्लासचे फलक झळकतात. विद्यार्थ्यांची छायाचित्रे, खाली क्रमांक, आणि मोठ्या अक्षरांत 'आमचे ६० यशस्वी'. नुकत्याच दहावी झालेल्या मुलांचे पालक हे फलक वाचून लाखांतल्या फीचा निर्णय घेतात आणि घेण्यापूर्वी पुष्कळदा शाळेतल्या विज्ञान शिक्षकाला विचारतात, "सर, इथं घातलं तर पोराचा नंबर लागायची शक्यता वाढेल का?" प्रश्न संभाव्यतेचा आहे, तेव्हा फलकावरील मजकूर हा एक वैज्ञानिक दावा समजून तपासायला हरकत नाही.

पहिली अडचण 'यशस्वी' या शब्दापाशीच येते. २०२४ साली जेईई मेन सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थ्यांनी दिली. त्यांतले सुमारे अडीच लाख अ‍ॅडव्हान्स्डला बसण्यास पात्र ठरले. अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० जणांनी दिले, त्यांपैकी ४८,२४८ उत्तीर्ण झाले. आणि सर्व आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे यशस्वी या एका शब्दाचे निदान तीन अर्थ होतात, आणि सर्वांत सैल अर्थ सर्वांत कडक अर्थाच्या चौदा पट मोठा आहे! उत्तीर्ण होऊनही आयआयटीत जागा न मिळालेले विद्यार्थी तीस हजारांच्या वर असणार. फलकावरचे ६० यांतले कोणते?

समजा, ते अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेले आहेत. आता छेद हवा. क्लासात ३०० मुले असतील तर पाचांत एक उत्तीर्ण झाला; ३,००० असतील तर पन्नासांत एक. फलक दोन्ही वेळा तोच! आणि देशभराचा हिशेब काय सांगतो? १४ लाख १५ हजारांत ४८,२४८, म्हणजे साधारण एकोणतीसांत एक. तेव्हा ३,००० मुलांतून ६० उत्तीर्ण करणारा क्लास सरासरीच्याही खाली आहे. ही त्रैराशिकाची गणिते आपण सातवी-आठवीत शिकवतो, पण फलकापुढे उभे राहिल्यावर ती कुणाला आठवत नाहीत.

बरे, छेद कळला आणि पाचांत एक हे प्रमाण खरे निघाले, तरी दावा सिद्ध होत नाही. मोठे क्लास दहावीच्या आधीच 'शिष्यवृत्ती परीक्षा' घेतात, वरच्या मुलांना फी माफ करतात आणि त्यांची वेगळी तुकडी काढतात. कणसातले टपोरे दाणे आधीच निवडून पेरले आणि पीक चांगले आले, तर श्रेय खताला द्यायचे की बियाण्याला? खताचा गुण ठरवायचा तर तेच बियाणे शेजारच्या वाफ्यात खताविना पेरून पाहावे लागते. हा शेजारचा वाफा फलकावर कधीच नसतो. त्याच्याविना एखादा शोधनिबंध माझ्याकडे परीक्षणाला आला तर मी तो परत पाठवीन.

असा शेजारचा वाफा माणसांच्या बाबतीत शोधायचा कसा, याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेतले आहे. बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथील काही नामांकित सरकारी शाळांत प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी काठावरचीच मुले घेतली : एकदोन गुणांनी आत गेलेली आणि एकदोन गुणांनी बाहेर राहिलेली. त्यांच्या कुवतीत फरक जवळजवळ नाही. फरक फक्त शाळेचा. पुढच्या परीक्षांत या दोन गटांच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, हे त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. त्या शाळांचे झळाळते निकाल मुख्यतः आत येणाऱ्या मुलांचे होते. हा निष्कर्ष आपल्या क्लासेसना जसाच्या तसा लावता येणार नाही. पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

सरावाने काहीच होत नाही, असे मला म्हणायचे नाही. राज्याच्या एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. एवढ्या वेळात विचार करणे कठीणच; प्रश्न ओळखीचा असावा लागतो, आणि ओळख सरावानेच होते. पण त्यासाठी जेईईच्या मागील प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळांवर फुकट मिळतात, आणि शिक्षण मंत्रालय व आयआयटी कानपूर यांनी २०२३ साली सुरू केलेला 'साथी' हा उपक्रमही विनामूल्य आहे. क्लासने यापलीकडे काय दिले, हे विचारायला हवे. त्याने काय काढून घेतले, तेही. बारावीच्या भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात; पण 'इंटिग्रेटेड' व्यवस्थेत महाविद्यालयात फक्त नाव असलेल्या कित्येक मुलांनी व्हर्निअर कॅलिपर हातातसुद्धा धरलेला नसतो. ही मुले पुढे आमच्या प्रयोगशाळांत येतात तेव्हा ते लगेच कळते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ, फी भरून केला की कसे, हे सांगणे आता बंधनकारक आहे आणि छायाचित्राला त्याची लेखी संमती लागते. याने अंश थोडा स्वच्छ होईल. छेद मात्र आपल्यालाच विचारावा लागेल : गेल्या वर्षी किती मुलांनी फी भरली, मध्येच किती सोडून गेली, सर्वसाधारण तुकडीतून किती लागले?

उत्तर मिळाले नाही तर शाळा स्वतःची नोंद ठेवू शकते. गेल्या पाच वर्षांच्या दहावीच्या निकालाची यादी घ्यावी, गणित-विज्ञानात साधारण सारखे गुण असलेल्या मुलांचे गट करावेत आणि प्रत्येकाने अकरावी-बारावीत काय केले व पुढे प्रवेश कुठे मिळाला, हे दोन रकान्यांत लिहावे. क्लासला गेलेले आणि न गेलेले, दोघेही यादीत हवेत. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षेला बसलेल्यांची खूण वेगळी करावी, नाहीतर तेच मूल दोन वर्षांच्या हिशेबात दोनदा येते.