चित्रपटात हरवलेले इंजिन

लिंडबर्गच्या 1927 मधील न्यूयॉर्क–पॅरिस उड्डाणावरील ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ (1957) हा चित्रपट विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. विमानबांधणीचे प्रसंग त्यात चांगले आहेत. एक उणीव मात्र आम्हाला खटकते. साडेतेहतीस तास झोपेशी झुंजणारा वैमानिक दिसतो. तितकेच तास न थांबलेल्या इंजिनाचे मर्म उलगडत नाही. मिनिटाला 1600 फेरे धरले, तरी एकूण 32 लाख होतात! हे नऊ सिलिंडरचे ‘राइट व्हर्लविंड’ हवेने थंड होई. त्यामुळे पाणी गळून ते बंद पडण्याचा धोकाच नव्हता. झडपा उघडणाऱ्या दांड्यांना उड्डाणभर ग्रीस मिळण्याची खास सोय होती. ही निगा वगळून केवळ धैर्य रंगवले, तर यश नशिबाचे वाटते. म्हणून चित्रपट संपल्यावर शिक्षकांनी फळ्यावर वरचा गुणाकार करून घ्यावा.