भावनेचे केंद्र की भावनेचे जाळे? : नागभीड परिसरातील व्याघ्रभयाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
भावनांचे विवेचन करताना मेंदूच्या एकेका भागास एकेक भावना वाटून देण्याची पद्धत अध्यापनात रूढ आहे. तीनुसार अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागास ‘भयकेंद्र’ म्हटले जाते. ही मांडणी विद्यार्थ्यांच्या लक्षात राहण्यास सोपी आहे. परंतु प्रत्यक्ष वर्तनाचे स्पष्टीकरण देण्यास ती कितपत पुरेशी ठरते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

केंद्रकल्पनेच्या मर्यादा :
भावना अनेक भागांच्या परस्परसंबंधातून घडते, हा विचार नवा नाही. जेम्स पेपेझ यांनी १९३७ मध्ये हायपोथॅलॅमस, थॅलॅमस, सिंग्युलेट बाह्यक व हिप्पोकॅम्पस यांना जोडणारे वर्तुळ मांडले. जोसेफ लडू यांनी १९९६ मधील ग्रंथात अमिग्डालाकडे जाणारे दोन मार्ग दाखविले : एक थॅलॅमसकडून थेट जाणारा, तर दुसरा बाह्यकातून वळसा घेणारा. लोकप्रिय लेखनाने यातील जोडणी सोडून केवळ अमिग्डाला उचलला. पुढे लडू यांनीच धोक्यास प्रतिसाद देणारी यंत्रणा आणि भीतीची जाणीव यांत भेद केला पाहिजे, असे प्रतिपादन केले. ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले होते व तिला सापाचे भय वाटत नसे. तथापि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अधिक असलेली हवा श्वासावाटे घेताच तिला तीव्र भीतीचा झटका आला. ‘केंद्र’ नसतानाही भीती उत्पन्न होऊ शकते, हे यावरून स्पष्ट होते.

नागभीडचा संदर्भ :
चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुका ब्रह्मपुरी वनविभागात मोडतो. येथील घोडाझरी परिसरास २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपत्ता यांसाठी गावकऱ्यांना जंगलात जावेच लागते. शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात मे २०२५ मध्ये तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा घटनेनंतरही लोक जंगलात जातात. केवळ भयकेंद्राची भाषा वापरल्यास त्यांना ‘निर्भय’ किंवा ‘बेफिकीर’ यांपैकी एक म्हणावे लागेल. ही दोन्ही विशेषणे अन्यायकारक आहेत.

जाळ्याच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. हिप्पोकॅम्पस भीतीला स्थळाशी बांधतो. त्यास इजा झालेल्या उंदरांत ध्वनीचे भय टिकते, पण जागेचे भय उरत नाही, असे १९९२ च्या प्रयोगांत आढळले. म्हणून विशिष्ट नाला वा झुडपी वाट भीतिदायक वाटते, संपूर्ण जंगल नव्हे. प्रीफ्रंटल बाह्यक अमिग्डालावर नियंत्रण ठेवतो आणि त्याचे काही भाग लाभहानीचे मोल जोखतात. वर्षातील मोजक्या दिवसांची मजुरी आणि जिवाचा धोका एकाच वेळी तोलले जातात. जंगलात जाणारी स्त्री घाबरलेली असते आणि तरीही जाते. येथे भावना व वर्तन एकरूप नसतात.

उपदेशाची मर्यादा :
‘लोकांनी घाबरू नये’ हा उपदेशही याच दृष्टीने तपासावा लागतो. शिकलेली भीती पुसली जात नाही; सुरक्षिततेचा अनुभव पुनःपुन्हा आल्यास तिच्यावर नवी स्मृती रचली जाते, व तीही बहुतांशी त्या स्थळापुरतीच असते. प्रयोगशाळेत ध्वनीनंतरचा विजेचा धक्का बंद करता येतो. जंगलातील वाघ तसा बंद करता येत नाही. जेथे धोका खरा आहे तेथे भीती हा दोष नसून मेंदूचे योग्य कार्य होय.

येथे सावधगिरीही आवश्यक आहे. उंदरांवरील निष्कर्ष गावावर जसेच्या तसे लादणे ही केंद्रकल्पनेइतकीच सुलभीकरणाची चूक ठरेल. नातीगोती, उसनवारी, ठेकेदाराची मुदत हे घटक मेंदूच्या नकाशावर दाखविता येत नाहीत. पण मेंदूपुढील पर्याय तेच ठरवितात.

निष्कर्ष :
‘भयकेंद्र’ ही संज्ञा अध्यापनात आरंभापुरतीच वापरावी. भावनेचे स्पष्टीकरण भागांच्या जोडणीत आणि त्या जोडणीला लाभलेल्या परिस्थितीत शोधावे लागते. नागभीड परिसरात भीती कमी करण्याचा मार्ग व्याख्यानातून नव्हे, तर गटाने जाणे, वाघाच्या वावराची वेळेवर सूचना व पर्यायी रोजगार यांतून जातो.