पाचारणाची साक्ष : ‘स्मृतिचित्रे’चा एक विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘पाचारण’ हा शब्द मोठ्या वजनाचा आहे. ईश्वराने एखाद्यास हाक मारावी आणि त्याने घरदार, जात व मानमरातब मागे टाकून त्या हाकेच्या रोखाने चालू लागावे, असा त्याचा आशय. हा अनुभव मराठी मनास परका नाही. पांडुरंगाने नामदेवरायांसह स्वप्नात येऊन तुकोबांस कवित्वाची आज्ञा केली. बहिणाबाईंस तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. तथापि हाक आली एवढ्याने प्रश्न सुटत नाही. खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. ती हाक ईश्वराचीच, आपल्या मनाचा खेळ नव्हे, हे कशावरून ओळखावे? आणि ओळख पटल्यावरही तिच्यामागे जाण्याचे धैर्य कोठून आणावे? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा या प्रश्नांचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे, आणि त्या दृष्टीने आपण तो पुरेसा वाचलेला नाही, असे आम्हांस वाटते.

१९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे कौतुक कमी झाले, असे कोणी म्हणणार नाही. त्यातील बोलक्या भाषेची, निर्व्याज विनोदाची, स्वतःच्या फजितीवर हसण्याच्या वृत्तीची वाखाणणी अनेकांनी केली आणि ती योग्यच आहे. परंतु या वाखाणणीचा एक दुष्परिणाम झाला. वर्गात शिकविण्यास उतारा निवडावयाचा झाला की आपले लक्ष सहसा विनोदी प्रसंगाकडे जाते. टिळकांचा विक्षिप्तपणा आणि बाईंचा भाबडेपणा एवढेच विद्यार्थ्याच्या हाती लागते. ज्या निर्णयामुळे हे घर मोडले आणि पुन्हा उभे राहिले, तो निर्णय मात्र पार्श्वभूमीच्या दोन ओळींत उरकला जातो.

तो निर्णय असा. नागपुरास श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने राहून विद्वान व कवी म्हणून मान्यता पावलेले नारायण वामन टिळक १८९३ साली आगगाडीने राजनांदगावी निघाले होते. डब्यातील एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत शब्दशः खरे ठरले.

श्रद्धाळू वाचकास ही ईश्वरी खूण वाटेल. चिकित्सकास हा योगायोग वाटेल, किंवा मनात रुजलेल्या सूचनेचा परिणाम. आमच्या मते दोघेही चुकीच्या जागी थांबतात. टिळकांस बांधून ठेवले ते भाकिताने नव्हे, तर डोंगरावरील प्रवचनाने. त्या वचनांतील प्रेम आणि क्षमा यांनी त्यांचा ठाव घेतला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत. म्हणजे ज्या भूमीवर ही हाक ऐकू आली ती भूमी आधीच नांगरलेली होती. तरीही मधली दोन वर्षे गेलीच. वचन पटले होते, पण पाऊल उचलत नव्हते; कारण त्या पावलाखाली पत्नी होती आणि लहान मूल होते. पटणे आणि निघणे यांतील हे अंतर ज्याला ठाऊक नाही, त्याने पाचारणाविषयी बोलू नये.

येथवरची कथा मराठीस नवीन नव्हती. बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’त धर्मांतर करणाऱ्याचे अंतरंग मराठीत आलेच होते. ‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण असे की येथे हाक ऐकणारा लिहीत नाही, जिला ती हाक ऐकू आली नाही, जिच्या संसारावरून ती गेली, ती लिहिते. आपल्या संतपरंपरेत हे घडलेले नाही. तुकोबांच्या कांतेची कथा आपणास तुकोबांच्या अभंगांतून व नंतरच्या चरित्रकारांकडूनच कळते. ती कजाग म्हणून आपण हसलो. दुष्काळात पोरांची पोटे भरण्याची जबाबदारी तिची होती, हे मात्र सोयीने विसरलो. तिने लिहिले असते तर तुकोबांचे थोरपण कमी झाले नसते, पण त्या थोरपणाची किंमत कोणी दिली ते कळले असते. लक्ष्मीबाईंनी ते कळविले आहे.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर ही बाई लहान दत्तूसह आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरास राहिली. पतीची निंदा ऐकून घ्यावयाची, त्याच्यावरील प्रेम सोडावयाचे नाही आणि त्याचा नवा धर्म मान्यही करावयाचा नाही, अशा तिहेरी ओढीत तिची वर्षे गेली. पुढे ती टिळकांकडे अहमदनगरास आली तीही आपले सोवळे सांभाळूनच. पतीला हाक आली म्हणून ती आपल्यालाही आली, असे तिने क्षणभरही मानले नाही. यातच तिच्या बुद्धीचा सच्चेपणा आहे. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, तो माणसाने केला आहे, हा निष्कर्ष तिचा तिने काढला. तो काढल्यावर प्रथम आचरणात आणला, आणि मगच १९०० साली राहुरीस बाप्तिस्मा घेतला. तिच्या वाटेवर ना भाकीत आहे, ना अज्ञात प्रवासी. तिची खूण घरातल्या पाण्याच्या भांड्यापाशी मिळाली. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, या रोजच्या प्रश्नाला तिने जे उत्तर दिले, तेच तिचे पाचारण होते.

या ठिकाणी पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या वेळी आपणास ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. खात्री पाऊल टाकल्यानंतर आठ-दहा वर्षांनी आली. टिळकांस खूण आधी व धैर्य नंतर, रमाबाईंस धैर्य आधी व खात्री नंतर, आणि लक्ष्मीबाईंस दोन्ही एकमेकांत मिसळून, थेंबाथेंबाने मिळाली. तेव्हा साक्ष मिळेपर्यंत थांबावे की निघाल्यावर साक्ष मिळते, या वादास एकच उत्तर नाही. मात्र या तिघांतही एक गोष्ट समान आढळते: साक्षीची किंमत ती किती अद्‌भुत होती यावर ठरली नाही, तर पुढील आयुष्याने ती किती झेलली यावर ठरली.

या ग्रंथावर दोन आक्षेप संभवतात. तो ख्रिस्ती प्रचाराचा ग्रंथ आहे, असे एक म्हणेल. यात पश्चात्ताप व उद्धार यांची स्पष्ट ग्वाही नाही, असे दुसरा, स्वतः ख्रिस्ती असलेला वाचक म्हणेल. हे दोन आक्षेप परस्परांस खोडून काढतात. तथापि दुसऱ्यात तथ्य आहे. बाईंची लेखणी प्रसंगात रमते; आतल्या उलथापालथीजवळ आली की ती चटकन्‌ एखादा हशा पिकवून पुढे निघते. प्रार्थनेच्या खोलीचे दार त्या वाचकासाठी पुरते उघडत नाहीत. हे उणेपण आम्ही मान्य करतो. पण त्याचेच दुसरे नाव संकोच आहे, आणि अध्यात्माच्या बाजारात संकोच हा दुर्मिळ गुण होय.

१९१७ साली त्याच घरात दुसरी हाक आली. टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांवर राहिले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. ज्या बाईस लग्नानंतर पतीने अक्षरओळख करून दिली, तिने त्याच्या ग्रंथाचा फार मोठा भाग लिहावा, ही गोष्ट कोणत्याही भाकितापेक्षा अधिक विचार करावयास लावणारी आहे.

टिळकांच्या पाचारणाची साक्ष कोणी दिली, असे कोणी विचारल्यास आम्ही आगगाडीतील त्या प्रवाशाकडे बोट दाखविणार नाही. त्या हाकेवर संशय घेण्याचा सर्वांत मोठा अधिकार जिचा होता, त्या बाईने तो अधिकार पुरता बजावला, आपल्या पायांनी सारी वाट चालून पाहिली आणि मग होकार दिला. अशी साक्ष क्वचितच मिळते. शिक्षकांनी ‘स्मृतिचित्रे’ वर्गात उघडताना विद्यार्थ्यांस हसवावे, जरूर हसवावे. पण हशा ओसरल्यावर तो पाण्याच्या भांड्याचा प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.