भित्तिपत्रकावरचे बेपत्ता विमान

वाटूर परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत गेल्या हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शन पाहायला गेले होते. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर फाट्याला उतरायचे आणि पुढे एखाद्या शिक्षकाच्या मोटारसायकलवर बसायचे, असा तो प्रवास. प्रदर्शनात धूर सोडणारा ज्वालामुखी होता, ठिबक सिंचनाचे नमुने होते, सौरचूल होती. सारे नीटनेटके, पण ओळखीचे. मी खिळून राहिले ती व्हरांड्यातल्या एका भित्तिपत्रकासमोर. नववीच्या मुलांनी ते केले होते आणि त्याचे नाव होते 'विमान गेले कुठे?'

विषय होता ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान. मजकूर मेहनतीने जमवलेला होता. मध्ये जगाचा नकाशा, भोवती सात चौकटी आणि प्रत्येकीत एक शक्यता: अपहरण, घातपात, वैमानिकाची आत्महत्या, आग, गुप्त बेटावर उतरवले, बर्म्युडा त्रिकोण आणि परग्रहवासी. (बर्म्युडा अटलांटिक महासागरात आहे. हे विमान त्या महासागराच्या आसपासही नव्हते. भूगोलाच्या बाईंची नजर चुकली असावी.) खाली दोन तरुणांची छायाचित्रे आणि लाल शाईत प्रश्न, 'हेच ते?' तळाशी एक तक्ता: 'तुम्हाला काय वाटते? खूण करा.' सर्वांत जास्त खुणा घातपाताला होत्या, त्याखालोखाल परग्रहवासीयांना.

मुलांचे कौतुक करावे असे त्यात पुष्कळ होते. तरीही मला या भित्तिपत्रकाची समीक्षा करावीशी वाटते, कारण त्यातली चूक मुलांची नाही, मोठ्यांची आहे. त्या मार्च महिन्यात वृत्तवाहिन्यांवर रोज रात्री हेच चालले होते. चार तज्ज्ञ, चार तर्क आणि शेवटी प्रेक्षकांचा कौल. सहल वेरूळला न्यायची की लोणारला, यावर मत घेता येते. विमान कुठे पडले, यावर नाही. खुणा कितीही वाढल्या तरी समुद्रातले विमान जागचे हलत नाही.

आधी घटना पाहू. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या या विमानाने रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी उड्डाण केले. आत २३९ माणसे होती, त्यांत पाच भारतीय. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकांशी शेवटचे बोलणे झाले आणि थोड्याच वेळात नागरी रडारच्या पडद्यावरून विमान नाहीसे झाले. लष्करी रडारने ते पश्चिमेकडे वळल्याचे टिपले होते. पण ही गोष्ट सरकारने स्पष्टपणे मान्य केली ती १५ मार्चला. तोवर अनेक देशांची जहाजे दक्षिण चीनच्या समुद्रात, म्हणजे भलत्याच दिशेला, शोध घेत होती. अधिकाऱ्यांनी माहिती दाबून धरली की अफवांना मोकळे रान मिळते. ते इथेही झाले, आणि त्याचा दोष प्रेक्षकांच्या माथी मारता येणार नाही.

आता ते दोन तरुण. विमानातले दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर प्रवास करत होते, एक ऑस्ट्रियन आणि एक इटालियन. दोन्ही पासपोर्ट थायलंडमध्ये चोरीला गेले होते आणि चोरीची नोंद इंटरपोलच्या संगणकात होती. विमानतळावर कुणी ती पडताळून पाहिली नाही. बातमी फुटताच जगभर एकच निष्कर्ष निघाला: सापडले! दोन-तीन दिवसांतच तपासात दिसून आले की ते दोघे इराणी होते आणि युरोपात आश्रय मिळवण्यासाठी निघाले होते. त्यांतला एक तर विशीही न ओलांडलेला. त्याची आई जर्मनीत त्याची वाट पाहत होती. घातपाती संघटनांशी त्यांचा संबंध असल्याचे काही आढळले नाही. पोलिसांनी त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, तर त्यांत दोघांचे पाय अगदी एकसारखे दिसत होते. झाले, छायाचित्रे बनावट असल्याची नवी आवई उठली! खरे कारण एवढेच होते, की छायाप्रत काढताना एक कागद दुसऱ्यावर राहून गेला होता.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. विमानतळावरची तपासणी ढिली होती का? होती. इंटरपोलची ही यादी २००२ सालापासून होती आणि २०१४ पर्यंत तिच्यात चार कोटींहून अधिक नोंदी झाल्या होत्या, तरी ती नियमितपणे तपासणारे देश मोजकेच होते. ही त्रुटी खरी होती आणि विमान सुखरूप उतरले असते तरीही ती खरीच राहिली असती. दुसरा प्रश्न: या त्रुटीमुळे विमान बेपत्ता झाले का? पहिल्याचे 'हो' हे उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

वर्गात वापरण्यासाठी एक साधी कसोटी सुचवते. संशयास्पद वाटणारी कोणतीही गोष्ट सापडली की विचारावे, 'सुखरूप पोहोचलेल्या विमानांतही हे सापडले असते का?' खोट्या पासपोर्टवर जाणारी माणसे तपासणीअभावी रोज कुठल्या ना कुठल्या विमानात बसत होती आणि ती विमाने बिनबोभाट उतरत होती. जी गोष्ट दोन्हीकडे सापडते, ती कारण म्हणून फारशी उपयोगाची नाही. अपघातानंतर आपण फक्त एकाच विमानाची झडती घेतो आणि जे हाती लागेल ते आपल्याला विलक्षण वाटू लागते.

'हेच ते?' हा प्रश्न वाचत उभ्या असलेल्या मुलांत त्या दोघांसारखीच नावे असलेली दोन-तीन मुले होती. त्यांच्या मनात काय चालले असेल, हे मला विचारवले नाही.

घाईघाईने घेतलेला संशय मागे घ्यावा लागल्याचे उदाहरण पाहायला मलेशियापर्यंत जायला नको. निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींना मुंबईची गोष्ट अंधुक आठवत होती. मुलांना ती अजिबात ठाऊक नव्हती. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ जातीचे विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. उड्डाणानंतर १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात गेले. २१३ माणसे होती. कुणीही वाचले नाही. घातपाताची शंका तेव्हाही लगेच बोलली गेली. एवढे अवाढव्य विमान, हवामान स्वच्छ, मग दुसरे काय असणार?

सुदैवाने समुद्र तिथे उथळ होता. अवशेष निघाले, ध्वनिमुद्रण आणि उड्डाणाच्या नोंदीही मिळाल्या. अवशेषांवर स्फोटाची किंवा आगीची खूण नव्हती. नोंदींतून जे उलगडले ते कुणी मतदानात सुचवलेही नसते. विमान उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले होते. पण मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र ते अजून उजवीकडेच कललेले आहे असे दाखवत राहिले. त्याने ते 'सरळ' करण्यासाठी डावीकडे कलवले, आणि कलवतच राहिला. सहवैमानिकासमोरचे यंत्र आणि तिसरे राखीव यंत्र यांवर वेळीच भरवसा ठेवला असता तर विमान सावरता आले असते, पण ते झाले नाही. विमान ९० अंशांच्याही पलीकडे कलंडले आणि नाकावर खाली गेले. यंत्र कितपत बिघडले होते आणि जबाबदारी कोणाची, यावर पुढे अमेरिकेत खटला चालला. १९८५ साली तिथल्या न्यायालयाने विमान आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांवरचा हलगर्जीपणाचा दावा फेटाळला. चौकशीने मात्र बिघडलेले यंत्र आणि त्यानंतरची वैमानिकाची चुकीची कृती हेच कारण धरले.

मुले विचारतात, आपण उलटे होतोय हे माणसाला कळत कसे नाही? याचे उत्तर मुख्याध्यापकांच्या फिरत्या खुर्चीत मिळते. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला खुर्चीवर बसवा आणि ज्या दिशेला आपण फिरतो आहोत असे वाटेल त्या दिशेला अंगठा दाखवायला सांगा. खुर्ची हळूहळू, एकाच वेगाने फिरवत राहा. आवाज करू नका, नाहीतर तो आवाजावरून दिशा ओळखेल. थोड्या वेळाने तो सांगतो, 'खुर्ची थांबली.' ती फिरतच असते! मग ती खरोखर थांबवा; अंगठा उलट्या दिशेला वळतो. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात. फिरणे सुरू झाले की त्यांतला द्रव मागे राहतो आणि त्या फरकावरून मेंदूला फिरण्याची जाणीव होते. एकसारखे फिरत राहिले की द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो, फरक संपतो आणि जाणीवही संपते. दिवसा डोळे ही चूक दुरुस्त करतात. वांद्र्याचे दिवे मागे पडल्यावर समोर होता काळा समुद्र आणि काळे आकाश, क्षितिज नाहीच. (खुर्ची जोरात फिरवू नका. त्या शाळेत एका उत्साही मुलाने फिरवली आणि प्रयोग ओकारीपाशी संपला.)

म्हणून घातपाताची शंका घेणे हाच मूर्खपणा, असेही नव्हे. 'सम्राट अशोक'च्याच जातीचे 'सम्राट कनिष्क' २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ रडारवरून एकाएकी नाहीसे झाले. ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. इथे शंका खरी ठरली, पण ती कशी ठरली ते पाहण्यासारखे आहे. व्हँकुव्हरला एकाने बॅग दिली आणि तो स्वतः विमानात बसलाच नाही. टोरांटोला बॅगा तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. आपली कसोटी इथेही लावू. मालकाविना प्रवास करणाऱ्या बॅगा सुखरूप पोहोचलेल्या विमानांतही असतात. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. परंतु त्याच दिवशी, सुमारे ५५ मिनिटे आधी, जपानच्या नारिता विमानतळावर व्हँकुव्हरहूनच आलेली दुसरी बॅग फुटली. ती एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायची होती. तिथे सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले. ही जोडी सुखरूप विमानांत सापडत नाही.

पुढे सुमारे दोन किलोमीटर खोल समुद्रातून नोंदयंत्रे काढली गेली. त्यातल्या ध्वनीच्या एका तुकड्यावरून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या विश्लेषणाने स्फोट झाला असे म्हटले, तर ब्रिटनमधल्या तज्ज्ञाला त्याच ध्वनीत बाँबची निश्चित खूण दिसली नाही. शास्त्रज्ञांचेही एकमत नव्हते! न्या. कृपाल यांच्या चौकशीने १९८६ मध्ये बाँबस्फोट हा निष्कर्ष काढला तो एका ध्वनीवरून नव्हे, तर अवशेष, बॅगा, नारिता हे सारे एकत्र ठेवून. सुरक्षेचा खरा धडाही तिथूनच आला: प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही उतरवायची.

मलेशियाच्या विमानाबाबत असे तोलून पाहण्याजोगे काय होते? भित्तिपत्रकात नेमके हेच नव्हते. संपर्क तुटल्यावरही सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत ते विमान सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या एका उपग्रहाला अधूनमधून 'मी आहे' एवढेच कळवत होते. संकेताला किती वेळ लागला यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होते ते समजते, दिशा समजत नाही. मुलांना मी परतूर तालुक्याचा नकाशा आणायला लावला. समजा, रात्रीची एसटी आली नाही आणि वाहकाचा फोन आला, 'फाट्यापासून वीस किलोमीटरवर आहोत', आणि फोन बंद पडला. आता एसटी कुठे शोधाल? मुलांनी सुतळी आणि पेन्सिल घेऊन फाट्याभोवती वर्तुळ काढले. ते मंठ्याच्या रस्त्यालाही छेदत होते, परतूरच्याही आणि जालन्याच्याही. दर तासाला असा एक फोन आला तर अनेक वर्तुळे मिळतात, आणि एसटी किती वेगाने धावू शकते हे माहीत असल्याने बऱ्याच वाटा बाद होतात. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा ऐकू येतो आणि दूर जाणाऱ्या गाडीचा उतरता. तसाच बदल उपग्रहाकडे आलेल्या संकेतांच्या वारंवारितेत होता. त्यावरून विमान उत्तरेला नव्हे, दक्षिण हिंदी महासागराकडे गेले असे अनुमान निघाले.

या अनुमानाने स्वतःला अडचणीत टाकण्याची तयारी ठेवली होती. ते बरोबर असेल तर प्रवाहांबरोबर तुकडे पश्चिमेला वाहत यायला हवेत. ते दक्षिण चीनच्या समुद्राकाठी सापडते तर अनुमान कोसळले असते. जुलै २०१५ मध्ये आफ्रिकेच्या पूर्वेकडील रियुनियन बेटावर पंखाचा तुकडा मिळाला, तो याच विमानाचा निघाला. तरीही १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ पाहून जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबवला गेला तेव्हा मुख्य अवशेष मिळालेले नव्हते. २०१८ च्या मलेशियन अहवालाने कारण ठरवता येत नाही असे सांगितले आणि तिसऱ्या कुणाचा हात नव्हताच असेही म्हटले नाही. तेव्हा घातपाताच्या चौकटीवर काट मारा, असे मी मुलांना सांगू शकत नव्हते आणि सांगितलेही नाही.

दोन छायाचित्रे मात्र काढून टाकायला सांगितली. मतांच्या तक्त्याऐवजी प्रत्येक चौकटीखाली एक ओळ आखून घेतली: 'हे चूक आहे असे कळायला काय सापडावे लागेल?' वर्गशिक्षकांना शंका होती की याने मुलांचा उत्साह मावळेल. 'गुप्त बेटा'खाली एका मुलीने लगेच लिहिले, 'समुद्रात वाहत आलेला तुकडा', आणि ती चौकट स्वतःच खोडली. आगीबद्दल बराच वाद झाला. परग्रहवासीयांना मत दिलेला मुलगा पेन्सिल चावत उभा राहिला. शाळा सुटायची घंटा झाली तरी त्याची ओळ कोरीच होती. 'उद्या लिहितो बाई' म्हणाला आणि दप्तर घ्यायला पळाला.