अंगणातला ‘अलबेला’

संगीतकार सी. रामचंद्र यांचे नाव निघाले की जाणती मंडळी अजून मान हलवतात : ‘चाली गोड, पण ठेका विलायती!’ हा आक्षेप मला कधीच पटला नाही.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. औंढ्याच्या शिवरात्रीच्या यात्रेला मिळालेले पैसे न खर्चता ताईने आणि मी १९५१ च्या ‘अलबेला’च्या तबकड्या जमवल्या. चावीच्या ग्रामोफोनवर एक बाजू जेमतेम तीन मिनिटे चाले. तेवढ्यात अंगणभर नाचून घ्यायचे. भगवानदादांचा नाच हात हलवीत जागच्या जागी डोलण्याचा, म्हणून तर तो आम्हां पोरांनाही साधे. बोंगो कुठल्या मुलखातला, हे आमच्या पायांनी कधी विचारले नाही. चाल ओळखीची होती, तेवढे पुरे होते.

ताईला बारावे लागले आणि आईने नाचाच्या तबकड्या ट्रंकेत टाकल्या. त्याच चित्रपटातली अंगाई मात्र धाकट्यासाठी रोज लागे. दोन्ही पुणतांब्याच्या एकाच माणसाने बांधलेल्या, हे आईला कोण सांगणार? पाळण्याची दोरी ताईच्या हाती असे, आणि तिचा उजवा पाय जमिनीवर हळूच ताल धरी.