रुजू न झालेल्या डॉक्टरीणबाई

गेल्या श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी पाया पडायला म्हणून घरी आली. गाव पंचगंगेच्या काठचे, वडील शेतकरी, आणि ही निघाली होती विलायतेला, सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करायला. तिकडच्या विद्यापीठाला अर्ज तिने स्वतःच पाठविला होता आणि शिष्यवृत्तीही स्वतःच्या हिमतीवर मिळविली होती. "सर, सामान तोलून न्यायचं असतंय. पुस्तक एकच मावंल. कुठलं नेऊ?" तिने विचारले. मी क्षणभरही विचार न करता कपाटातून श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' काढून तिच्या हातात ठेवली.

आठ दिवसांनी ती पुस्तक घेऊन परत आली. वाचताना रडल्याचे तिने कबूल केले. मग जरा अडखळत म्हणाली, "पुस्तक लई चांगलं हाय, सर. पण आनंदीबाई तिकडं नेमकं शिकल्या काय, ते मला कळलं न्हाई. आणि मला तर आता तेच पाहिजे."

तीस वर्षे मी मराठी शिकविले. ही कादंबरी किती वर्गांपुढे किती वेळा रंगवून सांगितली असेल, त्याची गणती नाही. 'गोपाळरावांचे स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्नही मी अनेकदा घातला आहे. पण 'आनंदीबाई काय शिकल्या?' हा प्रश्न घालावा असे मला एकदाही सुचले नाही. मुलगी निघून गेली आणि मी आनंदीबाईंवरची पुस्तके पुन्हा एकदा वाचायला काढली. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे. त्यात माझी स्वतःची बाकीही बरीच निघते, हे आधीच सांगून टाकतो.

आम्हां कोल्हापूरकरांना ह्या कथेविषयी जरा जास्त जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. ही कथा एका अर्थाने इथेच सुरू होते आणि इथेच यायची राहून जाते. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते. १८७८ साली कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकेतील मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर पूर्वी अनेक वर्षे कोल्हापुरातच होते. त्या वेळी आनंदीबाई अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. ख्रिस्ती व्हा म्हणजे पाहू, अशा अर्थाचे उत्तर आले, आणि तो विषय तिथेच संपायचा. पण तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला. पुढे न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या तो वाचला आणि त्यांचे मन द्रवले. त्याच पुढे आनंदीबाईंच्या 'मावशी' झाल्या. मुंबई नव्हे, पुणे नव्हे, कोल्हापूरच्या टपालातून गेलेल्या एका कागदाने हा प्रवास घडविला.

आणि शेवट? १८८६ साली पदवी मिळाल्यावर त्यांची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागावर. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आमच्या तोंडी अजून 'थोरला दवाखाना'. त्या नोव्हेंबरात आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. थोरल्या दवाखान्यात त्या रुजू झाल्याच नाहीत.

अशा आयुष्याची कहाणी सांगायची तर लेखकाचा गळा भरून यावा, यात नवल नाही. पण गळा भरून आला की दृष्टीही धूसर होते, आणि आपल्या ह्या विषयावरच्या लेखनात नेमके तेच झाले आहे असे मला आता वाटू लागले आहे.

पहिले चरित्र परक्या बाईने लिहिले. कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी पुस्तक १८८८ साली बोस्टनला निघाले. त्याच्या नावातच पंडिता रमाबाईंची नातलग अशी आनंदीबाईंची ओळख करून दिली आहे. श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ सालची. तिच्या नावात नवऱ्याचे नाव आहे. एकीकडे कुणाची तरी बहीण, दुसरीकडे कुणाची तरी बायको. आपल्याकडे बाईचे नाव लिहायची रीतच ती, असे कोणी म्हणेल, आणि तेही खरेच आहे. पण इथे नावात जे आहे तेच आतही आहे.

ह्या कादंबरीचे थोरपण मी नाकारीत नाही. अस्सल कागदपत्रांवर उभी असूनही ती कुठे दप्तरासारखी वाटत नाही. विक्षिप्त, हट्टी, द्रष्टे आणि तितकेच निर्दय असे गोपाळराव जोशींनी असे उभे केले आहेत की पुस्तक मिटल्यावरही ते खोलीतून जात नाहीत. अडचण तिथेच आहे. ते जात नाहीत म्हणून दुसऱ्या कुणाला बसायला जागा मिळत नाही. आगबोट अमेरिकेला लागते, कॉलेज येते, थंडी येते, खोकला येतो. पण मनात ठसतो तो आजार; अभ्यास ठसत नाही. २०१९ साली निघालेल्या समीर विद्वांस यांच्या चित्रपटाचेही तेच. माझ्या घरच्या मंडळींनी तो एकत्र बसून पाहिला, सगळ्यांनी डोळे पुसले, आणि नंतर तासभर चर्चा झाली ती गोपाळरावांवर!

ह्यावर एक उत्तर ठरलेले आहे. अभ्यासात नाट्य ते काय? मुलगी खोलीत बसून पुस्तक वाचते, ह्याची गोष्ट कशी व्हायची? मीही इतकी वर्षे असेच म्हणत आलो. पण उपलब्ध साधने शांतपणे पाहिली तर हे उत्तर टिकत नाही.

१८८३ सालच्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केले. हे श्रीरामपूर बंगालमधले. गोपाळराव तेव्हा तिथल्या टपाल कचेरीत होते. लोक जे सहा प्रश्न विचारून त्यांना हैराण करीत, तेच त्यांनी ओळीने मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्याच का? परत आल्यावर वाळीत पडणार नाही का? तिकडे काही बरेवाईट झाले तर? आणि जे कोणा बाईने केले नाही ते तुम्ही का करावे? अठरा वर्षांचीही न झालेली मुलगी इंग्रजीत, भर सभेत, आपल्याच आयुष्याची प्रश्नपत्रिका सोडवीत होती. एकट्या का, ह्याचे तिचे उत्तर तर अगदी घरगुती आहे: दोघांच्या खर्चाला पैसा नाही, आणि मागे घरची माणसे पोसायची आहेत. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, हेही तिने तिथेच सांगून टाकले. याहून अधिक नाट्य कादंबरीकाराला कुठे मिळणार? माझ्या विद्यार्थिनीला गावच्या पारावर ह्या सहांपैकी निदान चार प्रश्न आजही विचारले गेले, असे तिनेच मला सांगितले.

पुढे फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. ते १८५० सालापासून चाललेले. तिथे आनंदीबाईंच्या बरोबर जपानच्या केइको ओकामी होत्या, सीरियाच्या सबात इस्लांबुली होत्या. १८८५ सालचे त्या तिघींचे छायाचित्र आहे, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. तीन देशांच्या तीन मुली एका बाकावर बसून शरीरशास्त्र शिकताहेत! त्यांनी एकमेकींना काय विचारले असेल, कशाला हसल्या असतील, ह्याची कल्पना करण्याचा हक्क चरित्रकाराला नसेल, पण कादंबरीकाराला होता.

आणि मग तो प्रबंध. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत जाऊन अमेरिकेचेच धडे परत म्हणून दाखवावेत, असे ह्या विद्यार्थिनीने केले नाही. आपल्याकडचे जुने ग्रंथ तिने एका हाताला ठेवले, नवी विद्या दुसऱ्या हाताला ठेवली, आणि बाळंतिणीचा प्रश्न मधे घेतला. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला झालेला मुलगा दहा दिवसांत गेला होता. त्या मुलाविषयी आपण पुष्कळ रडलो. पण त्याच दुःखाचे तिने प्रबंधात रूपांतर केले, हा विचार आपल्याला फारसा शिवला नाही. माझ्या मते ह्या आयुष्याचा कळस पदवीदानाच्या टाळ्यांत नाही, ह्या विषयाच्या निवडीत आहे.

तिच्या बुद्धीचा आणखी एक पुरावा आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेल्या माराचा हिशेब मांडला आहे. तुमचे वागणे चांगले की वाईट, हे ठरविणे कठीण, असे त्या लिहितात. उद्दिष्टाकडे पाहिले तर ते योग्य ठरेल. पण कोवळ्या मुलीच्या मनावर काय परिणाम होऊ शकला असता हे पाहिले तर ते चूकच म्हणावे लागेल. त्यांनी शिवी दिली नाही, आणि पायही धरले नाहीत. दोन तराजू घेतले आणि दोन्ही वजने खरी सांगितली. गोपाळरावांवर आपण समीक्षकांनी जे काही लिहिले, त्यात इतका समतोल निवाडा माझ्या तरी वाचनात नाही.

ही पत्रे मराठी वाचकापर्यंत आणली काशीबाई कानिटकरांनी. त्यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच 'चरित्र' आणि 'पत्रे' हे दोन्ही शब्द घातले. काशीबाईही आनंदीबाईंच्याच पिढीच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाने शिकलेल्या. शिकणाऱ्या बाईचा आवाज आपल्या आवाजाने झाकायचा नसतो, हे त्यांना आपोआप कळले असावे. पुढे अंजली कीर्तने यांनी १९९७ साली 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' लिहून अमेरिकेतल्या कागदपत्रांपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले. 'कर्तृत्व' हा शब्द त्या नावात आला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पण घरोघरी पोचली ती कादंबरी, आणि मनामनांत बसला तो चित्रपट. चांगल्या कादंबरीने चांगल्या चरित्राला झाकून टाकावे, असे आपल्याकडे वरचेवर होते. त्यात दोष कादंबरीचा थोडा आणि आम्हां शिक्षकांचा जास्त.

ह्याची किंमत काय, ती थोरल्या दवाखान्यापाशी उभे राहिले की कळते. आनंदीबाईंची जागा रिकामी राहिली, पण कायमची नव्हे. शाहू महाराजांच्या साहाय्याने वैद्यक शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर ह्यांनी पुढे त्याच रुग्णालयात स्त्रियांवर उपचार केले. त्या जगल्या, त्यांनी काम केले. त्यांच्यावर कादंबरी नाही, चित्रपट नाही. शिकून परत येऊन रोज सकाळी कामावर हजर होणारी बाई आपल्या साहित्याला पेलत नाही की काय, कोण जाणे! तिने मरावे लागते, मग आपण लेखणी उचलतो.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठविल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत पुरल्या गेल्या. तिथल्या शिळेवर लिहिले आहे ते एवढेच, की शिक्षण घेण्यासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री. कुणाची पत्नी, किती सोसले, कशी गेली, ह्याची वर्णने नाहीत. शिक्षणासाठी निघाली, हे मात्र दगडात कोरले आहे. त्या परक्या माणसांनी तिला अधिक नीट वाचले होते, असे म्हणावेसे वाटते.

माझ्या विद्यार्थिनीला मी शेवटी दुसरे पुस्तक दिले नाही. श्रीरामपूरचे ते सहा प्रश्न एका वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात उतरवून दिले आणि खाली जागा कोरी ठेवली. वही हलकी, सामानात मावली. परवा तिचा फोन आला. तिकडे थंडी पडू लागली आहे, दिवाळीला कडबोळी मिळणार नाहीत म्हणून ती जरा हिरमुसली होती. मी विचारले, "अभ्यास काय चाललाय?" आणि ती अर्धा तास बोलत राहिली. मला निम्मे कळले नाही. पण मधे एकदाही तिला थांबवले नाही.